मेकनची शेवटची फेरी : सनीव्हेल ते पॉइंट सर, फेब्रुवारी 1935

सोमवार, 11 फेब्रुवारी 1935. सकाळ, सनीव्हेल

अमेरिकी नौदलाची एअरशिप (हलक्या वायूवर तरंगणारे हवाई जहाज) ‘मेकन’ हँगरबाहेर काढायची म्हणजे उड्डाणाइतकेच जोखमीचे काम. लांबी 239 मीटर, म्हणजे क्रिकेटच्या जवळजवळ बारा खेळपट्ट्या एकापुढे एक मांडाव्यात एवढी. उंची चौदा-पंधरा मजली इमारतीइतकी. आणि हे सगळे धूड हवेपेक्षा हलके. वारा आडवा लागला तर हँगरच्या दारावर आपटून चिंधड्या व्हायला मिनिटही पुरत नाही. म्हणून नाक रुळांवरून सरकणाऱ्या डोलकाठीला जखडतात, शेपूट रुळांवरच्याच एका तुळईला, आणि वाऱ्याचा रोख पाहून जहाज इंचाइंचाने बाहेर ओढतात. सॅन फ्रान्सिस्को खाडीच्या दक्षिण टोकाला असलेला हा हँगर 345 मीटर लांब, 94 मीटर रुंद आणि 60 मीटर उंच आहे, आणि आजही उभा आहे. सनीव्हेल, माउंटन व्ह्यू भागात नोकरीला असलेल्या मराठी माणसांच्या तो नजरेखालून रोज जातो. 101 महामार्गालगत दिसणारी ती प्रचंड कमान मेकनसाठीच बांधलेली होती.

बाहेर आल्यावर जहाज तोलून घेतात. हेलियम किती उचलतो आणि एकूण वजन किती, यांचा मेळ बसेपर्यंत बॅलास्टचे, म्हणजे वजन जुळवण्यासाठी बाळगलेले, पाणी सोडायचे किंवा भरायचे. हिशेब बारीक असतो. मेकनच्या पोटात पूर्ण भरल्यावर 1,84,000 घनमीटर हेलियम मावतो आणि साधारण 180 टन वजन तोलून धरतो. ऊन चढले, आतला वायू बाहेरच्या हवेपेक्षा एका अंशाने जरी जास्त तापला, तरी उचल सहाशे किलोच्या आसपास वाढते. ढगात शिरले की तीच उचल गळून जाते. एअरशिपचा कप्तान दिवसभर हीच जमाखर्चाची वही मनात चालवत असतो.

वायू असतो एकूण बारा पिशव्यांत. सांगाडा ड्युरालुमिनचा, म्हणजे ॲल्युमिनियमच्या हलक्या मिश्रधातूचा. एकामागे एक उभी गोल कडी, त्यांना जोडणाऱ्या लांब तुळया, वरून कापडाचे आवरण. आठ मेबाख इंजिने, प्रत्येकी 560 अश्वशक्तीची, जहाजाच्या पोटातच बसवलेली. हेलियम पेटत नाही, म्हणून हे चालते. प्रत्येक इंजिनाचा दांडा बाहेर येऊन पंखा फिरवतो, आणि तो पंखा वर-खाली वळवता येतो, उलटाही फिरवता येतो. पंख्यांच्या वर, आवरणावर काळे उभे पट्टे दिसतात. ते शोभेचे नव्हेत, इंजिनाच्या धुरातले पाणी गाळून घेणारे कंडेन्सर आहेत. पेट्रोल जळत जाते तसे जहाज हलके होत जाते, आणि हलके झालेले जहाज खाली आणायचे तर महागडा हेलियम सोडून द्यावा लागतो. ते टाळण्यासाठी जळलेल्या इंधनातूनच पाणी परत मिळवून बॅलास्टच्या टाक्यांत भरायचे. युक्ती सुंदर होती. पुढच्या दिवशी हेच पाणी टनांनी ओतून द्यावे लागले.

पोटातल्या छोट्या हँगरमध्ये कर्टिस कंपनीची स्पॅरोहॉक ही छोटी लढाऊ विमाने. ती जमिनीवर चढवत नाहीत. जहाज हवेत गेल्यावर विमान खालून येते, वरच्या पंखावरचा आकडा जहाजाच्या लोंबत्या झुल्यात अडकवते आणि झुला आत ओढला जातो. समुद्रावरच्या कामासाठी वैमानिक चाकेसुद्धा काढून ठेवत आणि त्या जागी जादा पेट्रोलची टाकी लावत. चाकांशिवाय उडालेल्या विमानाला परतायला फक्त तो झुलाच. या फेरीला अशी चार विमाने होती.

माणसे 83. कप्तान लेफ्टनंट कमांडर हर्बर्ट वायली.

सोमवारचा बेत साधा होता. नौदलाचा ताफा दक्षिण कॅलिफोर्नियाच्या समुद्रात सरावात होता, मेकनने त्याच्यावर टेहळणी करायची आणि मंगळवारी घरी यायचे. मागच्या जुलैत वायलीने याच जहाजाने भर प्रशांत महासागरात अध्यक्ष रूझवेल्ट प्रवास करत असलेली क्रूझर (वेगवान युद्धनौका) ‘ह्यूस्टन’ शोधून काढली होती आणि विमानांकरवी तिच्यावर ताजी वर्तमानपत्रे टाकली होती. नौदलातल्या वरिष्ठांना हा आगाऊपणा फारसा रुचला नाही, पण शोध लागतो हे सिद्ध झाले. त्या मानाने सोमवारचे काम रोजचेच.

एक गोष्ट मात्र रोजची नव्हती. जहाज अर्धवट दुरुस्तीवर उडत होते.

मध्येच : एप्रिल 1934, टेक्सास

ती दुरुस्ती कसली, हे समजायला दहा महिने मागे जावे लागते. मेकन सनीव्हेलहून फ्लोरिडाला निघाली होती. वाटेत ॲरिझोनाचे डोंगर. ते ओलांडायला साधारण 1,800 मीटरवर जावे लागले आणि त्यासाठी सुमारे चार टन बॅलास्ट आणि तीन टन इंधन टाकून द्यावे लागले. पलीकडे टेक्सासवर तापलेल्या जमिनीवरून उसळणाऱ्या हवेने जहाजाला असे धक्के दिले की शेपटीकडच्या 17.5 क्रमांकाच्या कड्यातली एक तिरकी तुळई मोडली. (कड्यांना क्रमांक असतात ते सुकाणूच्या खांबापासूनच्या मीटरमधल्या अंतराचे.) मुख्य बोसन रॉबर्ट डेव्हिस आणि त्याच्या माणसांनी उडत्या जहाजातच मोडलेल्या जागी आधार बांधून काढला, म्हणून मेकन फ्लोरिडाला पोहोचली.

याच कड्याला शेपटीच्या चार पंखांचा पुढचा आधार होता. मूळ आराखड्यात पंख लांब आणि अरुंद होते, त्यांची पुढची कड एका जाड मुख्य कड्यावर नीट टेकत होती. पुढे आराखडा बदलला. कप्तानाला खालच्या पंखाचे टोक आपल्या केबिनीतून दिसले पाहिजे, म्हणजे उतरताना शेपूट जमिनीला लागणार नाही, अशी मागणी होती. ‘ग्राफ झेपेलिन’ या जर्मन एअरशिपचा खालचा पंख 1929 मध्ये लॉस एंजेलिसला उड्डाणाच्या वेळी विजेच्या तारांत जाता जाता वाचला होता, त्याची ती धास्ती. मागणीत चूक काही नव्हती. पण पंख आखूड आणि रुंद झाले, आणि पुढच्या कडेचा भार मुख्य कड्यावरून हटला. तेवढाच जोर कमी जागेत, कमी आधारांवर आला.

टेक्सासनंतर सगळेच पंख आणि ते कडे मजबूत करायचे ठरले. आडव्या पंखांजवळचे आणि खालच्या पंखाजवळचे काम झाले. वरचा पंख राहिला. त्याच्या दोन्ही बाजूच्या तुळयांना हात घालायचा तर शेजारच्या वायूच्या पिशव्या रिकाम्या कराव्या लागतात, आणि मोठ्या देखभालीपर्यंत थांबू, असा निर्णय झाला. कागदावर हा निर्णय शहाणपणाचाच दिसतो. हेलियम वाया जाऊ नये, जहाज ताफ्यापासून दूर राहू नये, आणि काही महिन्यांचाच तर प्रश्न.

सोमवार रात्र, 11 फेब्रुवारी

रात्रीचे वर्णन फारसे नाही. पाळ्या बदलतात. इंजिनवाले आपापल्या खोलीत तेलाचा दाब आणि पाण्याचे तापमान नोंदतात. तिन्ही कील-वाटांवरून, म्हणजे सांगाड्यातून लांबीभर जाणाऱ्या अरुंद वाटांवरून, फिरती होते. कुठे पिशवीचे कापड तारेवर घासत तर नाही ना, हे हाताने चाचपून पाहायचे. एअरशिपमध्ये गळती कानांनी कळत नाही. हेलियमला वास नाही, पेट घेत नाही. एखादी पिशवी ढिली लोंबताना दिसली की मगच शंका येते.

मंगळवार, 12 फेब्रुवारी. दुपार, परतीची वाट

काम आटोपून मेकन उत्तरेकडे किनाऱ्याने निघाली. हवा बिघडली होती. पावसाच्या सरी, खाली उतरलेले ढग, मधूनच उघडीप. या किनाऱ्याची बनावट डोळ्यांपुढे आणली पाहिजे. सांता लुसिया पर्वताची रांग समुद्रातूनच उभी राहते. कोन पीक हे शिखर 1,571 मीटर उंच आणि समुद्रापासून अंतर पाच किलोमीटरसुद्धा नाही. पश्चिमेकडून येणारी हवा या भिंतीवर आदळते, वर उसळते, खाली कोसळते, भोवरे करते. आपल्याकडे आषाढात घाटमाथ्यावर उभे राहिलेल्या कुणालाही हे वेगळे सांगायला नको. मोटारीला त्याने हिसका बसतो. पाव किलोमीटर लांबीच्या जहाजाचे नाक एका प्रवाहात आणि शेपूट दुसऱ्यात सापडते.

त्याच किनाऱ्यावर एका खडकाच्या माथ्यावर पॉइंट सरचे दीपगृह आहे. संध्याकाळी पाचच्या सुमारास मेकन त्याच्या समोर आली. जमिनीवरून ती स्पष्ट दिसत होती. त्यामुळे पुढे काय झाले याला किनाऱ्यावरचा साक्षीदारही मिळाला.

मंगळवार, 17:05

एका बाजूने जबर झोत आला. जहाज आडवे ढकलले गेले, सुकाणूचे चाक हातातून सुटले. शेपटीकडे 17.5 क्रमांकाच्या कड्याचा वरचा, मजबूत न केलेला भाग मोडला. वरचा पंख एका बाजूला कलला आणि उडून गेला. जाताना त्याच्या मोडक्या तुळयांनी शेपटीकडच्या वायूच्या पिशव्या फाडल्या.

केबिनीत यातले काही दिसत नाही. केबीन पुढे, पोटाखाली; फाटलेली जागा खूप मागे आणि वर. मागून फोनवर अर्धवट खबरा येत होत्या. वायलीला कळले ते एवढेच, की शेपूट जड झाली आहे, नाक वर जात आहे. त्याने केले ते नियमानुसारच. जहाजाच्या मधल्या भागापासून मागचे सगळे बॅलास्ट सोडा, इंधनाच्या सुट्या टाक्या टाका. मोकळ्या माणसांना नाकाकडे पिटाळले, म्हणजे त्यांच्या वजनाने नाक खाली येईल.

इथे आमचे मत मांडायला हरकत नाही. जहाज वाचण्याची जी काही थोडी शक्यता होती, ती या काही मिनिटांत गेली, आणि त्याचे कारण गळती एवढेच नव्हते. कारण वायूच्या गणिताशी जोडलेले आहे, म्हणून ते सविस्तर.

जहाज वर जाते तशी बाहेरची हवा विरळ होते आणि पिशवीतला हेलियम फुगतो. म्हणून निघताना पिशव्या पूर्ण भरत नाहीत, फुगायला जागा ठेवतात. ज्या उंचीवर पिशव्या काठोकाठ भरतात ती त्या दिवशीची दाब-उंची. मेकनची त्या संध्याकाळी 2,800 फूट होती. त्याच्या वर गेले तर पिशव्या फुटू नयेत म्हणून झडपा आपोआप उघडतात आणि हेलियम बाहेर जाऊ लागतो. तो परत मिळत नाही. खाली आल्यावर पिशव्या तेवढ्याच रित्या राहतात.

आता मागचे बॅलास्ट भराभर गेले. जहाज एकदम हलके झाले. नाक वर होतेच, आणि आठही इंजिने पूर्ण जोरात पुढे रेटत होती. म्हणजे हलके झालेले जहाज, वर रोखलेले नाक आणि साडेचार हजार अश्वशक्तीचा रेटा, तिन्ही एकाच दिशेला. मेकन ढगांत शिरली, 2,800 फूट ओलांडले आणि वर जातच राहिली. ढगात क्षितिज दिसत नाही. जहाज किती कलले हे डोळ्यांना कळत नाही, फक्त उंचीमापकाचा काटा सरकताना दिसतो. तो 4,850 फुटांवर थांबला.

2,800 पासून 4,850 फुटांपर्यंत हवेची घनता साधारण सहा टक्क्यांनी कमी होते. तेवढाच वायू शाबूत पिशव्यांतूनही झडपांवाटे गेला. ढोबळ हिशेबाने ही दहाएक टनांची उचल. फाटलेल्या पिशव्यांतून गेलेला वायू यात धरलेला नाही. दाब-उंचीच्या खाली परत यायला सुमारे सोळा मिनिटे लागली आणि तेवढा वेळ झडपा वाहत होत्या. खाली येताना टाकायला बॅलास्ट जवळजवळ उरले नव्हते. इंजिने आधीच मंदावली असती आणि बॅलास्ट थोडे थोडे सोडले असते तर काय झाले असते, यावर एअरशिपचे जाणकार आजही वाद घालतात. खुर्चीत बसून तो घालता येतो. वायलीच्या हाती होत्या त्या फोनवरच्या तुटक खबरा आणि काही सेकंद.

मंगळवार, 17:20 ते 17:40

आता खाली जाणे अटळ होते. प्रश्न कुठे, एवढाच. पूर्वेला ढगांत बुडालेले डोंगर. शेपूट निकामी असलेले जहाज अंधारून येत असताना त्या कड्यांवर नेणे म्हणजे सर्वांचा अंत. समुद्रावर उतरायचे ठरले. रेडिओवरून धोक्याचा संदेश गेला. पाण्यावर टेकताच जहाज सोडू, आणि ठिकाणाचा अंदाज दिला तो पॉइंट सरपासून वीस मैल, बहुधा दहा मैल आत समुद्रात. ढगांतून भरकटत असताना याहून नेमके सांगणे शक्य नव्हते.

संदेश गेला तो रिकाम्या समुद्रात नव्हे. ज्या ताफ्यावर टेहळणी करून मेकन परतत होती, तोच ताफा त्याच किनाऱ्याने सॅन फ्रान्सिस्कोकडे निघालेला होता. पुढच्या तासाभरात जगणे आणि मरणे ठरले ते बऱ्याच अंशी याच योगायोगाने.

उतरणीला वीस मिनिटे लागली. 4,850 फूट म्हणजे 1,478 मीटर. सरासरी काढली तर सेकंदाला सव्वा मीटर, एखाद्या जुन्या इमारतीतल्या लिफ्टच्या वेगाने. फाटलेल्या विमानाला हे कधीच साधत नाही. एअरशिप मरते ती सावकाश. शाबूत पिशव्या शेवटपर्यंत उचलत राहतात. या वीस मिनिटांत तरणजाकिटे अंगावर चढली आणि रबरी तराफे काढून तयार झाले.

मध्येच : 4 एप्रिल 1933, न्यू जर्सीचा किनारा

ही जाकिटे आणि तराफे मेकनवर का होते, हे वायलीइतके चांगले कुणालाच ठाऊक नव्हते.

मेकनची मोठी बहीण ‘अ‍ॅक्रन’ 4 एप्रिल 1933 च्या मध्यरात्रीनंतर अर्ध्या तासाने न्यू जर्सीसमोर वादळात शेपूट आपटून समुद्रात पडली. जहाजावर 76 माणसे. तरणजाकीट एकही नव्हते. रबरी तराफा एकच होता, आणि तो काढायलाही वेळ मिळाला नाही. जवळून जाणाऱ्या ‘फीबस’ या जर्मन तेलवाहू जहाजाला दिवे समुद्रात पडताना दिसले. त्याने वळण घेतले आणि चार जणांना उचलले. त्यातला रेडिओवाला शुद्धीवर आलाच नाही. वाचले तीन. अ‍ॅक्रनचा कार्यकारी अधिकारी हर्बर्ट वायली त्यातलाच. 73 मेले, आणि बहुतेक बुडून किंवा गारठून. मृतांत नौदलाच्या विमानविभागाचा प्रमुख ॲडमिरल विल्यम मॉफेटही होता. सनीव्हेलच्या तळाला पुढे त्याचेच नाव दिले गेले. शोधाला निघालेली ‘जे-3’ ही छोटी एअरशिपही कोसळली आणि आणखी दोघे गेले.

थंड पाण्याचा हिशेब निर्दय असतो. पाणी पाच अंशांच्या आसपास असेल तर अर्ध्या ते एका तासात माणूस थकून बेशुद्ध होतो. पण त्याच्या खूप आधी, दहा-पंधरा मिनिटांतच, बोटे मिटेनाशी होतात. दोर पकडता येत नाही, गाठ मारता येत नाही, पुढे केलेले वल्हेसुद्धा धरता येत नाही. जाकीट नसलेला माणूस गारठून मरतो तो नंतर. आधी तो पोहता न आल्याने बुडतो. जाकिटाचे खरे काम ऊब देणे नव्हे. हात निकामी झाल्यावरही तोंड पाण्याबाहेर ठेवणे हे ते काम.

पॉइंट सरसमोर फेब्रुवारीत पाणी साधारण बारा-तेरा अंशांचे असते. ऊबदार नाहीच. पण पाच आणि बारा यांत तासाभराचा फरक पडतो.

मंगळवार, 17:40. पाण्यावर

शेपूट आधी टेकली. नंतर बाकीचे जहाज हलकेच पाण्यावर बसले. सूर्यास्त पावणेसहाच्या सुमारास होता, म्हणजे उजेड शेवटचा.

बुडती एअरशिप बुडत्या बोटीसारखी वागत नाही. शेपटीकडच्या पिशव्यांत वायू नाही, तिथे पाणी शिरते, ते टोक खाली ओढले जाते. पुढच्या पिशव्या शाबूत, त्यातला हेलियम जहाज कलेल तसा वरच्या टोकाकडे दाटतो. नाक वर येऊ लागते. आणि इथे एक विचित्र गोष्ट घडते. नाकाकडे जमलेला प्रत्येक माणूस उतरला की नाक तेवढे हलके होऊन आणखी वर जाते. वीस माणसे गेली म्हणजे दीड टन वजन गेले. पहिल्या उतरणाऱ्याला पाणी जवळ असते, शेवटच्याला ते कितीतरी मजले खाली असते.

म्हणून दोरावरून, हळूहळू, पाण्याजवळ जाऊन मग सोडायचे. रेडिओवाला अर्नेस्ट डेली उंचावरून उडी मारून मोकळा झाला. तीस मीटरवरून पडणारा माणूस पाण्यावर ताशी 85 किलोमीटरहून अधिक वेगाने आदळतो. त्या वेगाला पाणी मऊ राहत नाही. डेली वाचला नाही. धोक्याचा संदेश याच रेडिओ विभागातून गेला होता.

दुसरा मृत्यू मन खट्टू करणारा आहे. फ्लोरेंटिनो एडकिबा, खानावळीतला फिलिपिनो नोकर. तो पाण्यात उतरला होता, पण काही वस्तू घ्यायला पुन्हा बुडत्या जहाजाकडे पोहत गेला आणि परतला नाही. बुडणाऱ्या एअरशिपच्या आसपास फाटलेले कापड, तारा, तुळया, पिशव्यांचे लोंबते पडदे असतात. अंधारात तो एक मोठा सापळाच. शिवाय आवरणाला वारा लागला की जहाज शिडासारखे वाहते. म्हणून तराफे वाऱ्याच्या वरच्या बाजूने लवकर दूर न्यावे लागतात, नाहीतर ते धूडच अंगावर येते. पेट्रोलच्या टाक्या टाकलेल्या असतात, तेव्हा पाण्यावर तवंग असू शकतो. तिथे ठिणगी नको.

आग मात्र लागली नाही, आणि ते श्रेय हेलियमचे. इंग्रजांची ‘आर 101’ 1930 च्या ऑक्टोबरमध्ये तेव्हाच्या मुंबई इलाख्यातल्या कराचीला यायला निघाली होती. ती फ्रान्समध्येच टेकडीला टेकली, आदळण्याचा वेगही फार नव्हता. पण पोटात हायड्रोजन. 54 पैकी 48 जण होरपळून गेले.

वायली केबिनीच्या बाजूने पाण्यात आला. एक अधिकारी पोहता पोहता बुडू लागला होता. वायली त्याच्यापर्यंत पोहत गेला आणि त्याला धरून ठेवले. त्यासाठी पुढे त्याला पदक मिळाले.

मंगळवार, रात्र. क्रूझरांचे काम

‘रिचमंड’, ‘कॉन्कर्ड’ आणि ‘सिनसिनाटी’ या तीन क्रूझर त्या दिशेने सुटल्या. तिघी एकाच जातीच्या, चार धुराड्यांच्या, सात हजार टनांच्या, तासाला 35 सागरी मैलांपर्यंत पळू शकणाऱ्या. ठिकाणाचा अंदाज ढोबळ, अंधार पडलेला, पाऊस. अशा वेळी वेग पोहोचण्यापुरताच उपयोगी. जागेजवळ आल्यावर तोच वेग घातक होतो. पाण्यात डोके एका नारळाएवढे दिसते, पंख्याच्या ओढीत सापडले तर संपले. म्हणून मोठे जहाज दूर थांबते, पंखे बंद ठेवते, सर्चलाइटने पाणी विंचरते आणि होड्या सोडते. वल्ह्यांच्या होडीत माणूस घ्यायचा तो बाजूने नव्हे, शक्यतो मागच्या टोकाकडून, नाहीतर एका बाजूला वजन आले की होडीच उलटते. त्याच्या हातांवर भरवसा ठेवायचा नाही. जाकिटाचा पट्टा धरून ओढायचे. तराफ्यांवर दाटीने बसलेल्यांना आधी घ्यायचे की पाण्यातल्या एकट्या माणसाला? एकट्याला. तराफा थोडा वेळ थांबू शकतो.

मोजणी झाली. रिचमंडवर 64, कॉन्कर्डवर 11, सिनसिनाटीवर 6. एकूण 81. 83 पैकी दोन नाहीत.

अ‍ॅक्रनचे 76 पैकी 3 आणि मेकनचे 83 पैकी 81. वेळ, वारा, पाणी सगळे वेगळे होते हे खरे. अ‍ॅक्रन मध्यरात्री, अचानक, जास्त थंड पाण्यात पडली, जवळ होते ते एकच परके जहाज. तरी जाकिटांचा मुद्दा उरतोच.

बुधवार, 13 फेब्रुवारी. सॅन फ्रान्सिस्को

क्रूझर वाचलेल्यांना घेऊन सॅन फ्रान्सिस्कोला आल्या. पुढे चौकशी झाली आणि तिने त्या वरच्या पंखाच्या न झालेल्या दुरुस्तीवर बोट ठेवले. अमेरिकी नौदलाने त्यानंतर सांगाड्याची एकही नवी एअरशिप बांधली नाही. वायली समुद्रावर राहिला, पण साध्या जहाजांवर. 1944 मध्ये फिलिपिन्समधल्या सुरिगाव सामुद्रधुनीच्या लढाईत ‘वेस्ट व्हर्जिनिया’ या युद्धनौकेचा कप्तान तोच होता.

रविवार, 24 जून 1990. पॉइंट सरसमोर, 450 मीटर खोल

मेकन कुठे बुडाली याची नेमकी जागा पंचावन्न वर्षे कुणालाही माहीत नव्हती. दरम्यान एका मच्छीमाराच्या जाळ्यात ड्युरालुमिनच्या तुळईचा तुकडा आला. वजन कमी करण्यासाठी गोल भोके पाडलेला. मॉस लँडिंगच्या एका मासळीच्या खानावळीत तो भिंतीवर टांगला होता. तिथे गेलेल्या वायलीच्या मुलीने तो ओळखला. मच्छीमाराला जाळे कुठे टाकले होते ते आठवत होते, आणि त्या खुणेवरून शोध सुरू झाला. अमेरिकी नौदलाची ‘सी क्लिफ’ ही पाणबुडी खाली उतरली आणि अवशेष सापडले. सांगाडा कोसळून सपाट झाला आहे, इंजिने गाळात बसली आहेत. चारही स्पॅरोहॉक तिथेच आहेत. त्यांच्या पंखांवरच्या ताऱ्यांच्या खुणा दिव्याच्या उजेडात अजून ओळखू येतात, आणि वर झुल्यात अडकवायचा आकडाही.